सुपडूनानांचे मोठे डबे

सुपडूनाना गेल्याची बातमी आमच्या जळगावच्या कचेरीत फोनवर आली. धुळ्याच्या एका कापसाच्या जिनचा मुनीम बोलत होता. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, एवढंच त्यानं सांगितलं. ‘‘साहेब, ते मोठ्या डब्यांवाले नाना हो…’’ असा खुलासाही त्यानं केला, जसे काही खानदेशात माझ्या ओळखीचे दहा-बारा सुपडूनाना होते. मी ‘अरेरे’ म्हणालो, ‘फार वाईट झालं’ म्हणालो आणि फोन ठेवला. ओळखीचं माणूस गेलं की डोळ्यांत पाणी यावं, निदान त्याचा चेहरा तरी समोर यावा. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं : नानांनी जाण्याआधी कुणाला सांगून तर ठेवलं नसेल? हे लिहिताना लाज वाटते, पण मेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसून स्वतःबद्दल खोटं लिहिण्यात अर्थ नाही. नऊ वर्षांपूर्वी माझ्या एका शेऱ्यापायी या माणसाचा ठेकेदारीचा परवाना दोन वर्षं बंद पडला. चूक माझी होती. ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि तिसऱ्या कुणाला माहीत नाही, अशी माझी समजूत होती. ‘पुरवणीसाठी नानांवर काहीतरी लिहा, तुमचा त्यांच्याशी एवढा संबंध होता,’ असं या पुरवणीच्या संपादकांनी कळवलं, तेव्हाही मला पहिली शंका आली ती हीच, की यांना काही कळलंय का?

मी वीज तपासनीस आहे. कारखान्यांत, जिनांत, तेलाच्या गिरण्यांत तारा नियमाप्रमाणे टाकल्या आहेत की नाहीत ते बघायचं आणि वीज जोडायला हरकत नाही असा दाखला द्यायचा, किंवा द्यायचा नाही, हे माझं काम. या नोकरीत संशय हा गुण समजला जातो. माझ्यात मात्र तो नोकरीच्या आधीपासून आहे. आमची सौ. म्हणते, ‘‘तुम्ही देवळात तीर्थ घेतलं तरी आधी वास घेऊन बघता.’’ कारण नसताना कुणी नमस्कार केला की याचं काय काम असेल, असं मला वाटतं. दोनदा केला तर मी त्या दिवशी त्याची फाइल मागवतो. अशा माणसाची आणि सुपडूनानांची गाठ पडली ती शिरपूरच्या एका तेलगिरणीत. नाना मूळचे शिंदखेड्याचे, शिक्षण चौथीपर्यंत, पण वायरिंगच्या कामात धुळ्यापासून यावलपर्यंत त्यांच्यासारखा हात नव्हता. धोतर, खाकी सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, आणि कानामागे पेन्सिल. बोलणं कमी. मी गेलो त्या दिवशी त्यांनी मला एकदाच नमस्कार केला, ही गोष्ट मी मनात त्यांच्या बाजूनं मांडून ठेवली होती.

वाचकांपैकी ज्यांचा विजेशी संबंध बटण दाबण्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कारखान्यात तारा जातात त्या लोखंडी पाइपातून, नाहीतर भिंतीला धरून बसवलेल्या पत्र्याच्या चौकोनी पन्हळीतून, जिला वरून झाकण असतं. वळणावर आणि लांब पल्ल्यात मधेमधे पत्र्याचे डबे बसवतात. वायरमन एका डब्यातून दुसऱ्या डब्यापर्यंत तारा ओढत नेतो, तिथे वळवतो, पुढे ओढतो. पन्हळीत किती तारा घालायच्या आणि डबा किती मोठा हवा याची नियमपुस्तकात कोष्टकं असतात. पन्हळीत तारा कोंबल्या की त्या तापतात, आणि लहान डब्यात मुरडून बसवल्या की त्यांचं आवरण काठावर सोलतं. नाना कोष्टक बघत नसत. डब्यात तारा बसवून झाल्या की त्यात मूठ घालत आणि मनगटापासून गोल फिरवत. फिरली तर डबा पास, अडली तर तो काढून मोठा डबा. आणि मूठ केवढी, तर भरताच्या चांगल्या वांग्याएवढी. ‘‘मूठ फिरनी पाहिजे, साहेब,’’ ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. ‘‘तारले बी कूस बदलाले जागा लागस.’’ त्यामुळे नानांचे डबे सगळ्यांपेक्षा मोठे असत आणि पन्हळ सगळ्यांपेक्षा रुंद. नियमापेक्षा कमी देणारे ठेकेदार मी ढिगानं पाहिले होते. जास्त देणारा हा पहिलाच. कमी देणारा का देतो ते कुणीही सांगेल, पण जास्त देणारा का देतो? कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी शिरपूरहून परतताना एसटीत ठरवून टाकलं आणि त्यानंतर नानांच्या प्रत्येक कामावर मी प्रत्येक डबा स्वतः उघडून बघू लागलो. काही सापडायचं नाही. काही सापडत नाही म्हणून संशय वाढायचा.

मग ते धुळ्याच्या जिनचं काम आलं. गावाबाहेरचा जिन, मालक मारवाडी शेठ, तीन पिढ्या धुळ्यात गेलेल्या, मराठी माझ्यापेक्षा साफ. कापसाचा हंगाम तोंडावर आला होता आणि नव्या यंत्रांसाठी शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नवी पन्हळ टाकायची होती. वाटेत अकरा डबे. मी पाहायला गेलो तर एकेक डबा असा, की त्यात मांजरीनं पिलं घालावीत. आता यात एक गोष्ट अशी होती, की याच शेठनी त्या उन्हाळ्यात विजेचा मंजूर भार वाढवून मागितला होता आणि तो अर्ज नामंजूर झाला होता. माझ्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले. एवढी रिकामी जागा ठेवायची, माझा दाखला घ्यायचा, आणि मी पाठ फिरवली की त्याच पन्हळीतून आणखी तारा ओढून चोरून दोन मोटारी चालवायच्या… नाना आणि शेठ दोघे मिळून मला बनवताहेत, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. शेठ तेव्हा लग्नासाठी मारवाडात गेले होते. मला वाटलं, मुद्दामच गेले असणार.

‘‘डबे एवढे मोठे कशाला?’’ मी विचारलं.

‘‘साहेब, तार हाई ॲल्युमिनियमनी शे,’’ नाना म्हणाले. ‘‘तांबापेक्षा जाडी. आन जास्त वाकाडी त तुटस.’’

ते खरं होतं. तांबं मिळेनासं झालं होतं आणि सगळीकडे ॲल्युमिनियमच्या तारा आल्या होत्या. तेवढाच प्रवाह न्यायचा तर ॲल्युमिनियमची तार जाड घ्यावी लागते, हे मलाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ते एका ठेकेदाराच्या तोंडून ऐकून घेणं वेगळं. ‘‘मला शिकवू नका,’’ मी म्हणालो. शिकाऊ असल्यापासून माझ्या खिशात एक छोटं पुस्तक असायचं, त्यातलं कोष्टक काढलं, तारांची संख्या मोजली आणि त्या संख्येला केवढा डबा पुरतो ते वाचून दाखवलं. पाइपांना लावायच्या लाल रंगाचं डबडं तिथेच होतं. त्यातला ब्रश उचलून मी अकराच्या अकरा डब्यांवर लिहिलं, ‘मोठा. काढा.’ खाली सही आणि तारीख. असं रंगानं लिहायची माझी पद्धतच होती. कागद हरवतात, बदलले जातात, पण पत्र्यावरचा रंग कोण बदलणार? नाना बाजूला उभे राहून बघत होते. ‘‘बठ्ठा?’’ त्यांनी एकदाच विचारलं. ‘‘सगळे. आणि पन्हळही कोष्टकाप्रमाणे,’’ मी म्हणालो. हंगाम अडून राहिला होता, माझ्या दाखल्याशिवाय वीज मिळणार नव्हती. आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा लहान डबे आणि अरुंद पन्हळ बसवून तयार होती. मी टेप लावून मापं घेतली, सगळी बरोबर निघाली. नानांनी त्या दिवशी कुठल्याच डब्यात मूठ घातली नाही. मी त्याचाही संशय घेतला.

संक्रांत झाली आणि जिनला आग लागली. सकाळी दहा-अकराचा सुमार, सगळी यंत्रं चालू, हवेत रुईचे तंतू उडत होते. माणूस कुणी दगावलं नाही ही देवाची कृपा, पण रुईच्या गंज्या आणि अर्धी शेड गेली. आमचे वरिष्ठ आणि मी पाहणीला गेलो. आग सातव्या डब्यापासून सुरू झाली होती हे उघड दिसत होतं. शेजारचा, न जळलेला आठवा डबा मी उघडला. आत तारा अशा मुरडून दाबल्या होत्या की झाकण काढल्यावर त्या स्वतःच बाहेर आल्या. काठाशी आवरण सोललेलं, एका तारेचा पेड वाकवल्या जागी तडकलेला. जळगावला परत आलो आणि थेट कचेरीतल्या माझ्या टेबलाशी गेलो. नवं नियमपुस्तक पावसाळ्याआधीच माझ्या नावानं आलं होतं. पुडक्याची सुतळीसुद्धा मी सोडली नव्हती. खानदेशातला प्रत्येक डबा उघडून बघणाऱ्या माणसानं तेवढं एक पुडकं उघडलं नव्हतं. आता उघडलं. त्यात ॲल्युमिनियमच्या तारांचं कोष्टक वेगळं दिलेलं होतं. माझ्या खिशातलं कोष्टक तांब्याच्या तारांचं, तेही जुन्या मापांचं. नव्या कोष्टकात मी पुन्हा पुन्हा हिशेब केला. नानांचे मूळ डबे, ज्यांवर मी ‘मोठा’ लिहिलं, ते नियमापेक्षा फक्त बोटभर मोठे होते.

चौकशी धुळ्यातच झाली. एका खोलीत आमचे वरिष्ठ, परवाना मंडळाचा एक माणूस, शेठ, मी आणि समोर टोपी हातात घेऊन उभे असलेले नाना. शेठना माझ्या लाल अक्षरांचं काही ठाऊक नव्हतं, ते परत आले तेव्हा डबे बदलून झाले होते, आणि कामावरच्या मजुरांना कुणी विचारायला गेलं नाही. माझ्या दाखल्यात डब्यांची मापं लिहिलेली नव्हती, म्हणून मलाही कुणी काही विचारलं नाही. वरिष्ठांनी नानांना विचारलं, ‘‘ही मापं कुणी ठरवली?’’ मी फाइल धरून बसलो होतो. माझ्या हाताला इतका घाम आला की फाइलच्या पुठ्ठ्याचा रंग बोटांना लागला. नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘डबा मन्हा हातना शेतस, साहेब,’’ ते म्हणाले. एवढंच. नानांनी आणखी काही सांगावं म्हणून वरिष्ठ थोडे थांबले. मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. घरी दोन मुली आहेत, बढतीची फाइल वर गेली आहे, अशी कारणं मी तेव्हा मनाशी जुळवत होतो. आज त्यांतलं एकही लिहावंसं वाटत नाही. दोन वर्षांसाठी परवाना बंद. नानांनी टोपी डोक्यावर घातली, सगळ्यांना मिळून एक नमस्कार केला आणि ते गेले.

कुणालाही वाटेल की त्यानंतर मी नानांबद्दल कृतज्ञ झालो असेन. तसं झालं असतं तर मी वेगळा माणूस असतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, हे मला पुढच्या वर्षांत कळलं. हा माणूस गप्प का राहिला? याला माझ्याकडून काय हवंय? आज ना उद्या हा येणार, दारात उभा राहणार, आणि एखाद्या भलत्याच कामाचा दाखला मागणार. मी वाट बघत राहिलो. नाना आले नाहीत. ते यावलकडे केळीच्या बागांमधल्या विहिरींवर पंप जोडायची कामं करत होते, दुसऱ्या कुणाच्या परवान्याखाली, हाताखालचा वायरमन म्हणून. सायकलला पिशवी टांगून या बागेतून त्या बागेत. पन्नाशीच्या माणसाला ते सोपं नव्हतं. एकदा यावलच्या बसस्थानकावर ते समोरच आले. त्यांनी चहा सांगितला. मी तो प्यालो. शेवटी न राहवून मी विचारून टाकलं, ‘‘नाना, तुम्हाला माझ्याकडून काय पाहिजे, ते एकदा सांगून टाका.’’

त्यांनी बशी खाली ठेवली. ‘‘एक काम व्हतं खरं,’’ ते म्हणाले. ‘‘तो नवा पुस्तकमातलं ॲल्युमिनियमनं कोष्टक माले मराठीमा उतारी द्या. माले इंग्रजी येत नही.’’

मी हो म्हणालो आणि तीन महिने ते काम टाळलं. याला माझं हस्ताक्षर कशाला हवं असेल, या विचारानं! अखेर एका रविवारी बसून मोठ्या अक्षरांत ते सगळं उतरवलं, खाली एका ओळीत लिहिलं की डबा वळणावर असेल तर आणखी मोठा घ्यावा, आणि पोस्टानं पाठवून दिलं. सही केली नाही. दोन-एक महिन्यांनी अमळनेरला एका विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो तर भिंतीवर माझं अक्षर! सायक्लोस्टाइल करून चिकटवलेलं. मग ते चोपड्याला दिसलं, शिरपूरला दिसलं, दोंडाईच्याला एका पानाच्या टपरीत दिसलं, कारण तिथे वायरमन लोक बसायचे. मी संतापून नानांना गाठलं. ‘‘हे तुम्ही सगळीकडे वाटताय?’’ ‘‘वाटानंच शे,’’ नाना शांतपणे म्हणाले, ‘‘तुम्हनं अक्षर साफ शे.’’ यातही काही डाव असेल का, हे मी कित्येक दिवस शोधत होतो. खानदेशातले डबे मात्र हळूहळू मोठे होत गेले, हे मला तपासणीत दिसत होतं.

परवाना परत मिळाल्यावर नाना पुन्हा मोठी कामं घेऊ लागले, तरी पूर्वीसारखी रांग लागली नाही. ‘त्या आगीतले नाना’ ही ओळख चिकटली ती चिकटलीच. मी त्यांची कामं पहिल्यापेक्षा कडक तपासत असे, कारण सूट दिली तर लोकांना संशय येईल, अशी मला धास्ती. ते कधी कुरकुरले नाहीत. उलट माझा एखादा डबा बघायचा राहिला तर स्वतः दाखवत, ‘‘हाऊ ऱ्हायना, साहेब.’’ शेवटची भेट झाली ती धुळ्यातच, एका यंत्रमागाच्या शेडमध्ये. दम लागत होता तरी स्वतः शिडीवर चढले, डब्याचं झाकण काढलं आणि मला वर बोलावलं. मी हात घातला. माझी मूठ लहान, ती आरामात फिरली. ‘‘फिरनी ना?’’ त्यांनी विचारलं आणि हसले. मी म्हणालो, ‘‘टेपनंही मोजतो.’’ आणि मोजलं.

नाना गेल्यावर पंधरा दिवसांनी धुळ्याला वायरमन आणि ठेकेदारांनी शोकसभा ठेवली. मला पुढच्या खुर्चीत बसवलं. एक जुने ठेकेदार बोलायला उठले. मोकळ्या मनाचा माणूस, नानांवर जीव असलेला. ‘‘एक चूक सोडली तर,’’ ते म्हणाले, ‘‘नानांच्या कामाला बोट लावायला जागा नव्हती.’’ सभेतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. मेलेल्या माणसाची चूक त्यांनी पोटात घातली होती, एवढंच. मग मला बोलायला सांगितलं. मी उठलो आणि नानांच्या सचोटीवर पाच मिनिटं बोललो. टाळ्या नसतात शोकसभेत, पण असत्या तर मिळाल्या असत्या. खाली बसताना मला स्वतःची इतकी किळस आली की चहाला न थांबता मी निघालो.

दुसऱ्याच आठवड्यात सुरत लाइनची पॅसेंजर धरून शिंदखेड्याला गेलो. नानांच्या घरी मी कधी गेलो नव्हतो. ठेकेदाराच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही हा माझा नियम. नानांची बायको, सगळे त्यांना अक्का म्हणतात, ओसरीवर आल्या. बारीक चणीच्या, बोलायला तुटक. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘वळखं मी.’’ पाणी आणायला त्या आत गेल्या आणि मी सवयीनं आत डोकावलो. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून पत्र्याचे डबे ओळीनं मांडलेले होते. एकात ज्वारी, एकात बाजरी, एकात तुरीची डाळ, एकात वाळलेल्या मिरच्या. प्रत्येकाच्या दर्शनी बाजूवर लाल अक्षरांत माझं हस्ताक्षर, ‘मोठा. काढा.’ खाली माझी सही, तारीख. मी मोजले. अकरा. ते भंगारात गेले असं मी नऊ वर्षं धरून चाललो होतो.

मी येणार म्हणून यांनी मुद्दाम मांडून ठेवले असतील, हा विचार माझ्या मनात आला नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. अक्कांच्या देखत मी आत गेलो आणि मिरच्यांचा डबा हलका म्हणून तोच जरा उचलून पाहिला. सारवणाच्या जमिनीत त्याच्या बुडाची चौकोनी खाच पडलेली होती, वर्षानुवर्षांची. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे ते डबे इथेच होते. नानांनी यातला एक सायकलवर टाकून चौकशीला आणला असता, तर माझी नोकरी त्या दिवशी संपली असती. अक्का तांब्या हातात घेऊन माझ्याकडे बघत होत्या. ‘‘देखा, देखा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘बठ्ठा उघाडी देखा.’’

मी खाली बसलो आणि सांगायला लागलो, की अक्का, ती चूक नानांची नव्हती… त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. ‘‘माले ठाऊक शे. त्यासनी त्याच दिन सांगं.’’

‘‘मग ते बोलले का नाहीत?’’

‘‘मी बी तेच इचारं. त ते म्हनेत, हाऊ साहेब संशयी शे, पन डबा उघाडीसन देखस. दुसरा साहेब खुर्चीवर बठीसन सही करतस. हाऊ गया त मंग आपला डबामा कोन देखी?’’ मग आवाज चढला. ‘‘माले ते पटनं नही, साहेब. दोन वरीस ते या वयमा सायकल रेटत ऱ्हायनात. माले आजबी पटत नही.’’

मला बरं वाटावं म्हणून त्यांनी हे रचलं असेल का, अशी शंका अर्ध्या क्षणापुरती आली आणि गेली. बरं वाटावं म्हणून बोलणारं माणूस असं रागानं बोलत नाही. आयुष्यभर ज्या स्वभावानं मी या माणसावर अन्याय केला, तो स्वभाव त्यांना हवा होता. कारखान्यात काम करणाऱ्या माणसांच्या जिवासाठी हवा होता. त्यासाठी त्यांनी आपलं नाव दिलं, आणि मी त्यांच्या गप्प राहण्यात नऊ वर्षं डाव शोधला. मी रडलो. दुसऱ्याच्या घरात, डाळीच्या डब्याला पाठ टेकून रडलो. अक्कांनी माझी समजूत काढली नाही, आणि ते बरोबरच होतं.

परवाना मंडळाला मी पत्र लिहिलं आहे. पण ते पत्र कुठल्या तरी कपाटात जाईल आणि धुळ्यातले लोक वाचतील ते हे पान, म्हणून इथेही लिहितो. धुळ्याच्या त्या जिनमधले अकरा डबे आणि पन्हळ लहान करायला मी लावली. माझं कोष्टक तांब्याच्या तारांचं होतं. ठेकेदारानं तोंडावर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आगीत त्याची काही चूक नाही. चौकशीत मी गप्प बसलो. यापुढे नानांबद्दल बोलताना कुणी ‘एक चूक सोडली तर’ म्हणू नये. या पत्रामुळे माझ्या नोकरीचं काय होईल ते होवो.

निघताना, पुरावा म्हणून मंडळाकडे पाठवायला मी अक्कांकडे एक डबा मागितला. त्यांनी दिला नाही. ‘‘बाजरी कशामा ठेवू?’’ म्हणाल्या. तेव्हा माझ्यासारख्या कुणा संशयी माणसाला हे सगळं खोटं वाटत असेल, तर त्यानं खुशाल शिंदखेड्याला जावं. अक्का दाखवतील. पाहून झालं की झाकण मात्र नीट लावा, तिथे उंदीर फार आहेत.